पाटीखालची साखळी

साइटवर त्याला खऱ्या नावाने हाक मारणारा एकही माणूस उरला नव्हता. सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. बावीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून हा माणूस काँक्रीटचे अवजड तुकडे इतके सरळ खाली सोडायचा, की खालचे कामगार म्हणत, याच्या पोटातच दोरी आहे. एका नव्या इंजिनिअरने तर पहिल्याच दिवशी त्याला 'मिस्टर ओळंबे' म्हणून हाक मारली आणि दुपारच्या सुट्टीत सगळी साइट पोट धरून हसली. ओळंबा स्वतः हसला नाही. त्याला ते आडनाव आवडलं होतं.

माणूस तसा नाकासमोर चालणारा. फक्त एक खोटं त्याने गेले तीन महिने पोटात दडवून ठेवलं होतं. त्याचा उजवा डोळा त्याला दगा देत होता, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. निदान त्याची तशी समजूत होती.

हे त्याला कळलं कसं, ते सांगायचं तर आधी त्याच्या खेळाबद्दल सांगायला हवं. साइटच्या कुंपणापलीकडे एक मोठं मैदान होतं. सहा वर्षांपूर्वी, केबिनमध्ये डबा खाता खाता, त्याला तिथे काही माणसं तबकड्या फेकताना दिसली. दूर एक लोखंडी खांब, त्याच्या डोक्यावर लोखंडाची गोल पट्टी, पट्टीपासून लोंबणाऱ्या साखळ्या आणि साखळ्यांच्या खाली जाळीची टोपली. लांबून तबकडी फेकत फेकत यायचं आणि शेवटी ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पाडायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात हे त्याला मागाहून कळलं. वरून बघताना त्याने एवढंच हेरलं, की लांबची फेक सगळ्यांना जमते आणि टोपली दहा पावलांवर आली की भल्याभल्यांची गाळण उडते. जवळून मारायच्या त्या शेवटच्या फेकीला पट म्हणतात. "अरे, हे तर माझंच काम," तो केबिनमध्ये एकटाच म्हणाला आणि येत्या रविवारी मेहुण्याला घेऊन मैदानावर हजर झाला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. साइटवर तो खाली उभा राहून हातांनी खुणा करायचा आणि त्या खुणांवर ओळंबा वरून वजन सोडायचा. त्याला कामाला ओळंब्यानेच लावलं होतं, आणि लावताना बायकोला शब्द दिला होता, "तुझा भाऊ दिवसभर माझ्या नजरेखाली असेल. काळजी सोड." मेहुण्याची जीभ मात्र मोकाट. "भावोजी उंटावरून शेळ्या हाकतात," तो चारचौघांत सांगायचा, "आणि शेळी मी एकटाच!"

मैदानावर दोघांना शिकवलं ते मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक, आवाज असा की त्यांनी 'सावधान' म्हटलं तर रस्त्यावरची परकी माणसंही टाचा जुळवतील. पहिल्या दिवशी त्यांनी ओळंब्याला दोन्ही हातांच्या पंजांत एक फट ठेवायला लावली, फटीतून खांब बघायला लावला आणि एकेक डोळा मिटायला सांगितला.

"उजवा मिटल्यावर खांब फटीतून पळाला ना? मग तुझा मालक डोळा उजवा. डावा नोकर. नेम धरायचा तो मालकाला विचारून."

ओळंब्याचा डावा डोळा तसाही लहानपणापासून आळशी होता. त्यामुळे मालकाचं राज्य त्याला नवं नव्हतं.

"आणि टोपलीकडे बघायचंच नाही," मास्तर म्हणाले. "टोपली केवढी मोठी आहे! तिच्याकडे बघशील तर नजर तिच्यात हरवेल. एक साखळी निवड. त्या साखळीतली एक कडी निवड. पुढच्या पायाचा अंगठा खांबाकडे. श्वास आत, श्वास बाहेर, आणि बाहेर सोडून झाला की फेक. फेकल्यावर हात पुढेच राहू दे, त्या कडीशी हात मिळवायचाय असा. आणि तबकडी वाजेपर्यंत कडीवरून नजर हलली तर याद राख!"

यातूनच त्या मैदानावर एक रीत पडली होती, जी दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पट मारण्याआधी खेळाडूने आपल्या जोडीदाराला कडी सांगायची. जोडीदाराने ती शोधून 'दिसली' म्हणायचं. मग कुणी चकार शब्द काढायचा नाही. आणि सामना जिंकणाऱ्याला शेवटी मास्तर सगळ्यांसमोर विचारणार, "कडी कुठली?" मास्तरांचं म्हणणं असं, की कडी तोंडाने सांगायची म्हणजे ती डोळ्यांनी मोजावी लागते, आणि मोजता मोजता मनाची बडबड थांबते. ओळंब्याची कडी सहा वर्षं एकच होती. टोपलीच्या वरच्या पट्टीवर, येणाऱ्याकडे तोंड करून, आकड्याची पांढरी पाटी असते. त्या पाटीच्या बरोबर खालची साखळी, वरून सातवी कडी. "पाटीखालची, सातवी," तो म्हणायचा. "दिसली," मेहुणा म्हणायचा. दहातल्या आठ वेळा छन्न करून तबकडी टोपलीत.

घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने सायकलच्या रिमला जुन्या साखळ्या लावून स्वतःची टोपली केली होती. रोज कामावर जाण्याआधी तीस पट. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याला दिसलं, की समोरच्या साखळीला मधोमध बाक आलाय. त्याने पक्कड आणली, साखळी उतरवली, झटकली, पुन्हा लावली. बाक होताच. दुसऱ्या दिवशी त्याने नवी साखळी आणून लावली. तीही तिथेच वाकलेली. तेव्हा त्याने पक्कड खाली ठेवली. कारण लोंबणारी साखळी वाकडी असूच शकत नाही. वजन खाली ओढतं आणि साखळी सरळ होते, एवढ्या एका गोष्टीवर त्याने बावीस वर्षं संसार चालवला होता.

त्याने दोरी घेतली, टोकाला एक जड नट बांधला आणि ती रिमपासून खाली सोडली. डोलायची थांबू दिली. मग डावा डोळा मिटला. दोरी मध्ये वाकली होती, आणि वाकली होती तिथे करडा डाग, अंगठा दाबून पुसल्यासारखा. मग उजवा मिटला. दोरी अंधूक, पण सरळ. तो कितीतरी वेळ एकदा हा आणि एकदा तो डोळा मिटत तिथेच उभा राहिला.

"दोरीशी काय खेळताय?" बायको खिडकीतून ओरडली. "कामाला उशीर होतोय!"

"काही नाही, माप घेतोय."

खरं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं होतं. गेला नाही. का नाही, याला शहाणपणाचं उत्तर नाही. तो घाबरला होता. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहील, तो कागद कंपनीत जाईल आणि आपल्याला खाली उतरवतील, एवढंच त्याला दिसत होतं. खाली उतरलेला ओळंबा म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तो रोज सकाळी शिडी चढत राहिला.

कंपनीची वार्षिक तपासणी त्यानंतर महिन्याभरात झाली. तपासणीच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता, गेली नऊ वर्षं तोच. ओळंब्याने शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवली. इतकंच नाही, खरं वाटावं म्हणून एका अक्षरापाशी मुद्दाम अडखळला आणि डोळे बारीक करून मग बरोबर सांगितलं. इतक्या सफाईने तो उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता. तपासणाऱ्याने शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

घरी मात्र सफाई टिकत नव्हती. एके दिवशी त्याने चहा कपाच्या बाजूला ओतला.

"चष्मा करून घ्या," बायको म्हणाली. "वय झालं की लागतोच. त्यात लाज कसली?"

चोराच्या मनात चांदणं. तो खेकसला, "कपच वाकडा आहे."

बायकोने कप उचलून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "कप गोल आहे," ती म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

साइटवरही हल्ली वजनं टेकताना धप्प आवाज करू लागली होती. कधी वीतभर वर अडकायची, कधी शेवटी आपटायची. ओळंब्याने खापर मेहुण्यावर फोडलं. मूठ वळली की थांबायचं, अशी त्यांची खूण. "मूठ लवकर वळतोस तू!" तो वॉकी-टॉकीवर ओरडायचा. "वजन अजून वर आहे आणि तुझी मूठ झाली पण! लक्ष कुठंय?"

"चुकलं, भावोजी," मेहुणा म्हणायचा. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारा माणूस. पण शेळीचा विनोद त्याने बरेच दिवस केला नव्हता, आणि हे ओळंब्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग शुक्रवारी सुपरवायझरने सोमवारी सकाळी सातचं काम सांगितलं. अकराव्या मजल्यावर जिन्याचा अख्खा तयार तुकडा बसवायचा. वजन साडेतीन टन. जिन्याच्या पोकळीत तो सोडताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटांची फट. आणि आत कोपऱ्यात मेहुणा उभा राहणार, तुकड्याचं टोक हाताने धरून जागेवर घ्यायला. त्याच्या तिन्ही बाजूंना भिंती, चौथीकडून तुकडा येणार. मागे सरायला जागा नाही.

त्या रात्री ओळंब्याला झोप लागली नाही, आणि पहाटे कधीतरी त्याने स्वतःशीच एक पैज लावली. रविवारी मैदानावर जोड्यांचा सामना होता. शेवटच्या टोपलीची आपली पट लागली, तर डोळा अजून कामाचा आहे, सोमवारी चढायचं. चुकली, तर सुपरवायझरला सगळं सांगायचं. पैज मूर्खपणाची होती हे त्यालाही कळत होतं. पण घाबरलेल्या माणसाला काहीतरी धरायला लागतं.

रविवारी मेहुणा पक्कड घेऊन सकाळीच मास्तरांच्या मदतीला गेला होता. ओळंबा मागून आला. घरामागे त्याने तीसच्या जागी शंभर पट मारल्या होत्या आणि त्याचं मनगट दुखत होतं. सामना रंगला. शेवटच्या टोपलीपर्यंत येता येता चारातल्या दोन जोड्या उरल्या, एक यांची आणि एक बेकरीवाल्या नवरा-बायकोची. या टोपलीआधी दोन्ही जोड्यांच्या फेकी सारख्या. बेकरीवाल्यांचं खेळून झालं होतं. आता या जोडीची पट लागली तर एका फेकीने जिंकले. एकाच जागेवरून दोघांनाही एकेक संधी. मेहुण्याने आधी मारली. तबकडी वरच्या पट्टीला लागून गवतात पडली.

अकरा पावलं. ओळंबा खुणेच्या मागे उभा राहिला. पुढच्या पायाचा अंगठा खांबाकडे. श्वास आत. पांढरी पाटी एका बाजूला नजर ठेवली तर दिसत होती. तिच्याखाली बघायला गेलं की तो करडा डाग डोळ्याबरोबर तिथेच यायचा. त्याने मान थोडी कलती केली. डागही कलला. त्याने सात मोजायचा प्रयत्न केला. एकसुद्धा दिसली नाही.

"वीस सेकंद राहिले," मास्तर म्हणाले.

तळहाताला घाम आला होता. त्याने तबकडी शर्टाला पुसली. उद्या सकाळचे सात, कोपऱ्यात उभा मेहुणा, चार बोटांची फट, सगळं एकदम डोक्यात आलं. मनाची बडबड थांबवायची तर मोजायला हवं, आणि मोजायला समोर काहीच नव्हतं.

"पाटीखालची, सातवी," तो मेहुण्याला हळू आवाजात म्हणाला.

मेहुण्याने 'दिसली' म्हटलं नाही.

ताणामुळे विसरला असेल, असं ओळंब्याला वाटलं. विचारायची सोय नव्हती. कडी सांगून झाली होती. त्याने श्वास बाहेर सोडला, सगळा सोडला, आणि सहा वर्षं जिथे ती कडी होती तिथे हात पाठवला.

ठण्ण.

छन्न नव्हे, ठण्ण. लोखंडी खांबाचा कोरडा आवाज. मग तबकडी टोपलीत पडली आणि मैदानावर एकच गलका झाला. बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. मास्तरांनी ओळंब्याच्या पाठीत असा धपका घातला की तो दोन पावलं पुढे गेला. "मालक डोळा!" ते गरजले. "याला म्हणतात मालक डोळा!"

सुटलो, ओळंब्याला वाटलं. सोमवार सुटला. सगळे झाडाखाली पाणी प्यायला निघाले आणि तो तबकडी घ्यायला टोपलीकडे गेला. तो आवाज मात्र कानातून जाईना. पट जिला लागली त्या कडीला जाता जाता थोपटायची त्याची जुनी सवय. त्याने पाटीखाली हात घातला.

हात कशालाच लागला नाही. सरळ आतल्या खांबापर्यंत गेला.

मेहुणा मागे उभा होता.

"साखळी कुठंय?" ओळंब्याने विचारलं.

"सकाळी मीच काढली. वरचा हुक झिजला होता. मास्तर म्हणाले, पुढच्या रविवारी नवा लावू."

ओळंब्याने पुन्हा त्या फटीत हात घालून पाहिला.

"केवढी फट आहे, भावोजी. बेकरीवाल्याची बायको लांबूनच म्हणाली, टोपलीचा दात कुणी पाडला?"

"घाई झाली रे. मास्तर सेकंद मोजत होते. सवयीने तोंडातून..."

"दोन महिने मी मूठ लवकर वळतोय," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मुद्दाम. तुम्हाला अंदाज येत नाही हे पाइपांचं वजन माझ्या खांद्याजवळून गेलं त्या दिवशीच कळलं. म्हणून हातभर आधी थांबवतो. तुम्ही शिव्या घालता, मी चुकलं म्हणतो."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलू? मला कामाला कुणी लावलं? ताईला काय तोंड दाखवू, तुझ्या नवऱ्याला मी खाली उतरवलं म्हणून?" त्याने गवतातली आपली तबकडी उचलली. "मी कुणाला सांगणार नाही. पण उद्या त्या कोपऱ्यात हातभर आधी मूठ वळून भागणार नाही. तुकडा धरून आत घ्यावाच लागेल. सात वाजता मी तिथे असेन. तुम्ही फक्त सांगा, भावोजी. उभा राहू का?"

ओळंब्याने त्याच्याकडे पाहिलं. अंतर दोन हातांचं. केस दिसले, दोन कान दिसले, शर्टाची कॉलर दिसली. आणि मधे, जिथे तो चेहरा होता ज्याच्यासाठी बायकोला शब्द दिला होता, तिथे तो करडा डाग होता.

"नको," तो म्हणाला. "नको राहूस. मीच चढत नाही."

"अरे ओळंब्या!" झाडाखालून मास्तरांचा आवाज आला. रीत पुरी करायची राहिली होती. सगळे इकडेच तोंड करून उभे होते, टाळ्या वाजवायला तयार. "कडी कुठली?"

ओळंब्याने श्वास आत घेतला. मग सोडला, पट मारण्याआधी सोडतात तसा.

"दिसली नाही, मास्तर."

आधी दोघं-तिघं हसले. मेहुणा हसला नाही, ते पाहून तेही थांबले.

"तीन महिने दिसत नाहीये," ओळंबा म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. मग त्याने खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि शेवटी मेहुण्यापुढे केला.

"सुपरवायझरला लाव. मला आकडे लागत नाहीत."

मेहुण्याने नंबर लावला. फोन परत देताना त्याने ओळंब्याचा हात धरून तो फोनवर नीट ठेवला, जसं वजन जागेवर ठेवतात.

"घ्या," तो म्हणाला. "वाजतोय."